चव्वेचाळिसावी चूक

“काकू, वही आणलीत ना?” यादीवाल्याने सभागृहामागच्या खोलीच्या दारातूनच विचारलं.

“वही घरी आहे,” बाई म्हणाल्या आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद मनगटाभोवती आणखी एकदा गुंडाळला.

वही पिशवीतच होती. पण यादीवाल्याच्या हाती ती देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं होतं. हा माणूस पोटासाठी घरोघर जाऊन विजेचे मीटर तपासायचा आणि उरलेला सगळा वेळ ‘जहाज’ या जुन्या मालिकेतल्या चुका टिपायचा. आकाशात वाट चुकलेल्या एका जहाजाची ती मालिका पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर लागायची. तिच्या सव्वीस भागांत याने दोनशे बारा चुका शोधल्या होत्या. त्यांतल्या त्रेचाळीस एकट्या पेल्याच्या होत्या, आणि पेल्याच्या सगळ्या चुका बाईंच्या नावावर होत्या.

स्टुडिओत त्यांना वहीवाल्या बाई म्हणत. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो, अर्धा सकाळी, अर्धा जेवणानंतर. नटाची बाही किती दुमडलेली होती, कंदील कुठे होता, कोणती वस्तू कोणत्या हातात होती, हे वहीत टिपायचं आणि पुढच्या तुकड्याला तसंच्या तसं लावून घ्यायचं, ही त्यांची नोकरी. एकतीस वर्षं त्यांनी ती डोळ्यांत तेल घालून केली. हे काम चोख झालं तर कुणाला दिसत नाही आणि चुकलं तर जन्मभर दिसतं. नाकावर माशी बसू न देणाऱ्या या बाई जगाला ठाऊक झाल्या त्या ‘चुकवाल्या काकू’ म्हणून.

त्या मालिकेत तारेआजोबा नावाचा म्हातारा होता. जहाजातले सगळे नकाशे जळून गेलेले, आणि घरी जायची वाट फक्त याला पाठ. दर भागात तो पत्र्याचा कानवाला पेला हातात धरून एकोणीस तारे ओळीने म्हणायचा. पोरंटोरं त्याच्याबरोबर म्हणायची. आता गंमत अशी, की त्याच्या तोंडावर कॅमेरा एका बाजूने असला की पेला उजव्या हातात असायचा, आणि दुसऱ्या बाजूने दिसला की डाव्या हातात. मधे कुणी हात बदललेला दिसत नसे. प्रेक्षकांनी सुतावरून स्वर्ग गाठला. कुणी म्हणालं, जहाजात काळ उलटा वाहतो, त्याची ही खूण आहे. कुणी म्हणालं, कसली खूण, वहीवाली बाई झोपली होती.

आता मालिका नव्याने होणार असं जाहीर झालं आणि आगीत तेल पडलं. नव्या दिग्दर्शकाने सांगून टाकलं की हलणारा पेला हेच नव्या कथेचं रहस्य असेल. महिनाभर नुसता धुरळा उडत होता. दिग्दर्शकाच्या घरी टपालाने चेपलेले पेले येऊ लागले. तोही हट्टाला पेटला. शेवटी आज दुपारी सहाशे चाहते या सभागृहात जमले होते, आणि पेला हलला की हलवला याचा निवाडा बाईंच्या तोंडून होणार होता.

“आज मी एक फोटो दाखवणार आहे,” यादीवाला म्हणाला. “जुनी फिल्म आता साफ केलीय ना, त्यात सापडला. तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, काकू.”

“कसला फोटो?”

“तिथेच बघा.” तो निघून गेला.

बाईंनी पिशवी जवळ ओढली. कारण पेल्याचं खरं उत्तर जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

सोळाव्या भागाच्या सुमाराला तारेआजोबांचं काम करणारा तो थोर नट विसरायला लागला होता. तीन दिवस तारेच आठवेनात. चौथ्या दिवशी रंगपटात त्याने बाईंना बोलावलं आणि दार लावून घेतलं. “बाई, मला काढून टाकतील हो. काढू देत. पण तारे विसरलेला तारेआजोबा म्हणून लोक हसतील, ते नको.” बाईंनी हो-ना केलं नाही. त्या दिवसापासून त्या कागदाच्या चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात ओळी लिहीत आणि पेल्याच्या आतल्या बाजूला, नटाच्या डोळ्यांसमोर चिकटवत. कॅमेरा डावीकडे लावला की पेला उजव्या हातात द्यायचा, उजवीकडे लावला की डाव्या. म्हणजे चिठ्ठी त्यांना दिसे आणि कॅमेऱ्याला दिसत नसे. अकरा भाग हे चाललं. संध्याकाळी चिठ्ठ्या फाडून टाकायच्या आणि कुणाजवळ ब्र काढायचा नाही, असं वचन होतं. बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. पेला आपल्या वहीशी जुळत नाही हे त्यांना प्रत्येक वेळी दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी त्या वही मिटून ठेवत.

नवा दिग्दर्शक आत आला, चाळिशीचा, आठ दिवस झोप नसल्यासारखा. “काकू, मला फक्त तीन शब्द द्या. ठरवून केलं होतं. बस. श्रेयनामावलीत तुमचं नाव सगळ्यात पहिलं येईल. आणि खरं सांगू? तुम्ही गाढव नव्हता हे लोकांना कळायला पाहिजे.”

सकाळी लेकीनेही हेच सांगितलं होतं. “आई, शाळेत मला पोरं पेला दाखवायची. आज तरी तोंड उघड.” ती आता तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती.

बाईंनीही रात्रभर विचार करून हेच म्हणायचं ठरवलं होतं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. तारेआजोबांच्या नावाला धक्का नाही आणि आपलंही तोंड उजळ होईल. या वयात तेवढा लोभ त्यांना सुटत नव्हता.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. पांढऱ्या केसांची एक बाई सावकाश आत आली. काठी उजव्या हातात, रुमाल डाव्या. बाईंच्या डोळ्यांनी नोंद घेतली. जित्याची खोड.

“तुम्ही वहीवाल्या ना? मी त्यांची बायको. तारेआजोबांची.”

“बसा, वहिनी.” बाईंनी खुर्ची पुढे केली.

वहिनी बसल्या. “एक विचारू? तिथे बोलताना ते कधी अडखळले का हो?”

“नाही. कधीच नाही.”

“वाटलंच.” वहिनींनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तेव्हाच त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. मी बाहेर कुणाला कळू दिलं नाही, शपथ घातली होती त्यांनी. अजून पाळतेय. तुम्ही तिथल्या, म्हणून आज बोलले. तुम्हीही कुठे बोलू नका.”

“नाही बोलणार.”

“रोज घरी पाठ करायचे. एक ओळ धड यायची नाही. संध्याकाळी मी दार उघडलं की मलाच विचारायचे, बाईसाहेब आहेत का घरात? माझं नाव पुसूनच गेलं होतं. आणि टीव्ही लावावा तर एकोणीस तारे घडाघडा. स्टुडिओतून दुपारी फोन करायचे ना, तेव्हासुद्धा नावाने हाक मारायचे बघा. घरात पाऊल टाकलं की संपलं. म्हणजे जीव तिथे होता त्यांचा. घरात नव्हता. लोक त्या ताऱ्यांवर जीव टाकतात, आणि मी पस्तीस वर्षं त्यांचा रागराग करतेय, सवतीचा करावा तसा.”

बाईंनी तोंड उघडलं. सांगायचं ते एका वाक्याचं होतं. पण दिग्दर्शकाने दारातून हाक मारली, “काकू, चला,” आणि वहिनींना कुणीतरी हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

व्यासपीठावर एक टेबल, तीन खुर्च्या आणि मधोमध तो खरा पेला ठेवला होता. सभागृह आधीच तापलं होतं. तारेआजोबांसारखा लांब कोट घातलेला एक माणूस उभा राहून ओरडत होता, “जहाजाला हात लावू नका. नवं काय करायचंय ते नव्या नावाने करा.” एक शिक्षिका म्हणाली, “आई गेली त्या वर्षी मी हे तारे म्हणत झोपायचे. तुम्ही त्याचा खेळ करणार?” मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, नव्या पोरांनाही मिळू दे की एक जहाज,” तर त्याला चारचौघांनी खाली बसवलं. माणसं रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, असं बाईंना वाटलं. आपलं जपून ठेवलेलं कुणीतरी उचलून नेतंय, अशी ती भीती होती. ती त्यांना चांगली कळत होती.

“काकू,” दिग्दर्शकाने विचारलं, “पेल्याचं काय ते एकदा सांगाच.”

बाईंनी पहिला शब्द उच्चारला. “ठरवून...”

“एक मिनिट.” यादीवाला उठला. “त्याआधी हे बघा.”

मागच्या पडद्यावर चित्र आलं. तारेआजोबांचा हात, हातात पेला, आणि पेल्याच्या कडेला पांढरा कागद, बोटभर. त्यावर अक्षरं होती. वर एकच शब्द आणि खाली ओळी. धुरकट होतं, वाचता येत नव्हतं, पण हाताने लिहिलेलं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मागच्या रांगांतले लोक उठून पडद्याकडे बघू लागले.

“बाविसावा भाग,” यादीवाला म्हणाला. “पेला ठरवून हलवला असेल तर हा कागद कसला? की यावर तारेआजोबांचे...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. बाईंना कळलं, याला उत्तर हवंय आणि नकोही आहे. “अक्षर कुणाचं आहे, काकू?”

बाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. वहिनी पुढे झुकून पडद्याकडे बघत होत्या, चष्मा वरखाली करत. तीन शब्द आता चालणार नव्हते. ठरवून केलं म्हटलं तरी कागद उरत होता, आणि कागदाचा जाब कुणाला तरी द्यावाच लागणार होता.

“अक्षर माझं आहे,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“पेला कोणत्या हातात होता ते माझ्या लक्षात राहायचं नाही. म्हणून मी पेल्यावरच चिठ्ठी लावून ठेवायची. वर प्रसंगाचा आकडा अक्षरात, खाली बाकीचं. तरी गोंधळ व्हायचा. त्या दिवशी चिठ्ठी काढायचीच राहिली.” त्यांनी श्वास घेतला. “रहस्य वगैरे काही नाही. त्रेचाळीसही माझ्याच चुका आणि हीसुद्धा. लिहून घ्या, चव्वेचाळीस.”

मग मागून पहिलं हसू फुटलं आणि सगळीकडे पसरलं. “झोपलीच होती,” कुणीतरी म्हणालं. कोटवाला कपाळावर हात मारून खाली बसला. “यासाठी आम्ही पस्तीस वर्षं डोकं फोडलं?” शिक्षिकेने विचारलं, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. दिग्दर्शक हातातल्या कागदांकडे बघत होता. यादीवाल्याने खिशातून पेन काढलं आणि खरोखरच लिहून घेतलं, हळूहळू, सुटल्यासारखा. तिसऱ्या रांगेतून लेक उठली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. बाईंना ते दिसलं. त्यांना सगळंच दिसायचं.

उतरताना त्या टेबलापाशी थांबल्या. पेल्याचा कान प्रेक्षकांकडे केलेला होता. त्यांनी तो फिरवून आत केला, जिथे तो त्यांना हवा असायचा, आणि मग पायऱ्या उतरल्या.

मागच्या खोलीत त्या आल्या तेव्हा वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या.

“तुम्ही खोटं बोललात,” वहिनी म्हणाल्या. “ते सांगायचे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. अशी बाई हात विसरेल?”

बाईंनी दार लावून घेतलं. मनगटाचा बंद सोडला, पिशवीतून वही काढली. वचन होतं ते जगाला सांगायचं नाही असं. घरच्या माणसाबद्दल ते काही बोलले नव्हते. निदान बाईंनी तसं धरून चालायचं ठरवलं.

“सगळ्या चिठ्ठ्या रोज फाडायची मी. शेवटच्या दिवसाची मात्र हातून फाडली गेली नाही.”

वहीच्या शेवटच्या पानात पिवळी पडलेली चिठ्ठी होती. वहिनींनी ती डोळ्यांजवळ धरली. खाली ओळीने एकोणीस तारे होते. वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरात, एक नाव होतं. वहिनींचं.

“त्यांना तिथेही काही आठवत नव्हतं, वहिनी. एकही तारा नाही. पहिल्या दिवशी मी तारे लिहायला घेतले तर म्हणाले, आधी वर हिचं नाव लिहा. दुपारी फोन करायचा असतो, आणि मी तिला नावाने हाक मारतो. रोज, प्रत्येक चिठ्ठीवर. तारे नंतर.”

वहिनी त्या एका शब्दावरून पुनःपुन्हा बोट फिरवत राहिल्या. बाहेर सभागृहात कुणीतरी तारे म्हणायला लागलं होतं आणि हळूहळू सगळे म्हणत होते, भांडून दमलेले, एका सुरात. वहिनी या वेळी ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. एकोणिसावा तारा झाल्यावर त्या उठल्या.

“ही मी नेऊ?”

“तुमचीच आहे.”

बाई दाराशी उभ्या राहून त्यांना लांब जाताना बघत होत्या. येताना काठी उजव्या हातात होती. आता ती डाव्या हातात होती, कारण उजव्या मुठीत चिठ्ठी होती. बाईंनी वही उघडली, पेन काढलं, आणि काही न लिहिता दोन्ही पिशवीत ठेवून दिली.