स्वयंपाकघरातले रूळ

"अगं, आता तरी हो म्हण त्याला! सकाळपासून बघतोय बिचारा आरशातून तुझ्याकडे," बारिका ओरडली आणि तिने इस्त्रीच्या यंत्राचं झाकण दाबलं. वाफेचा लोट छतापर्यंत गेला.

नेवेन्काने लक्ष दिलं नाही. वरच्या दांडीवर कोट टांगायची लांब काठी उजव्या हातात धरून ती लाँड्रीतल्या उंच आरशासमोरून चालत होती. भिंतीशी पोहोचली की वळायची आणि पुन्हा यायची. मध्येच थांबून पावतीच्या कोऱ्या बाजूवर चार रेघा ओढायची, मान हलवायची आणि परत सुरू.

"चाललंय तरी काय तुझं?"

"बाबा चालतायत."

बारिकाचा हात झाकणावरच राहिला. नेवेन्काच्या बाबांना, इम्ब्रोला, ती ओळखत होती. तसं अर्धं झाग्रेब त्याला ओळखत होतं, म्हणजे रोज बघत होतं, खांबाकडे बघावं तसं. तो ट्रामचा सांधेवाला होता. मोठ्या चौकात हातभर पहार घेऊन उभा राहायचा, गाडी आली की रुळांच्या फटीत पहार घालून सांधा बदलायचा, आणि गाडी पाहिजे त्या रस्त्याला लागायची. दीड वर्षामागे नोव्हेंबरात, त्याच चौकात, हातात पहार असतानाच त्याचं हृदय बंद पडलं. त्या सकाळी गाड्या तुंबल्या आणि लोक घड्याळं बघत राहिले. लोकांना तरी काय दोष द्यायचा, सगळ्यांनाच कामावर जायचं असतं.

"बाई गं," बारिका हळू आवाजात म्हणाली. मग तिला ते हळुवारपण झेपेना. "मग त्याला म्हणावं, तिकडे माझा नवरा भेटला तर निरोप दे. बारिका मजेत आहे, उगाच परत यायचे कष्ट घेऊ नकोस."

नेवेन्का हसली, पण आरशावरची नजर काही काढली नाही.

शाळा सुटल्यापासून ती या लाँड्रीत होती. दिवसभर डाव्या हातावर लोकांच्या कोटांची चळत आणि संध्याकाळी स्टुडिओचा वर्ग. तिथे कामकरी लोकांना ॲनिमेशन शिकवत. एकोणतिसाव्या वर्षी ही घोडी रेघोट्या मारायला जाते म्हणून आळीतल्या बायका आधी हसल्या, मग कंटाळून हसायच्या थांबल्या. चित्र चांगलं काढता आलं की झालं, असं नेवेन्कालाही आधी वाटायचं. पण चांगलं चित्र काढणारे त्या वर्गात पैशाला पासरी होते. खरं काम पुढेच होतं. एकावर एक कागद ठेवायचे, प्रत्येकावर पाऊल केसभर पुढे सरकवायचं, आणि ते सगळे भराभर उलटले की त्या शिशाच्या रेघांना वजन आलं पाहिजे. पिठाच्या पोत्याला उडी मारायला लावून ते जमिनीवर धप्प पडल्यासारखं वाटावं, एवढ्यासाठी तिचा अख्खा हिवाळा खर्ची पडला होता.

शिकवायला हबाझिन मास्तर होते. बुटके, तंबाखूच्या वासाचे आणि तोंडाचे फटकळ. "चेहरा शेवटी काढा," ते म्हणायचे. "चेहरा लबाड असतो. चालीला लबाडी येत नाही."

त्यांची शेवटची परीक्षाही त्यांच्यासारखीच तऱ्हेवाईक होती. ओळखीच्या एका माणसाला चालवायचं. पण पात्र म्हणून तेच पिठाचं पोतं, त्याला नुसते हात-पाय. नाक नाही, टोपी नाही, हातात काही नाही. मग त्या माणसाला जवळून ओळखणारं कोणीतरी शनिवारी स्टुडिओत आणायचं, आणि पडद्यावर कोण आहे ते त्याला आधी सांगायचं नाही. त्याने पडद्यावर बघून आपणहून ओळखलं तर पास. पास होणाऱ्यांतल्या दोघांना स्टुडिओत टेबल, म्हणजे पगारी काम, मिळणार होतं.

नेवेन्काने मास्तरांना बाबांचं नाव सांगितलं, आणि ओळखायला आणणार होती आईला.

तिला टेबल हवं होतंच. वाफेला आणि कोटांना ती विटली होती. पण खरं सांगायचं तर टेबलाचं तिला तितकंसं नव्हतं. बाबा पुन्हा एकदा आईसमोरून चालत जावेत आणि आईने म्हणावं, "अगंबाई, हा तर इम्ब्रो!", एवढ्यावर तिचा जीव अडकला होता. जाताना कोणाचा निरोपही न घेता गेलेला माणूस होता तो.

वर्ग सुरू झाला तेव्हा बाबा होते. स्वयंपाकघरात बूट काढता काढता म्हणाले होते, "इतकी वर्षं चौकात चालतोय, एकाने तिकीट काढलं नाही. आणि नेवा, तुझं पोतं चाललेलं बघायला लोक येणार?"

"येतील. तुम्ही चालून दाखवा ना जरा, मला बघायचंय पाऊल कसं पडतं ते."

"रविवारी. आज पायांचे तुकडे पडलेत. अख्ख्या गावाच्या गाड्या वळवल्या, पण घरातल्या या दोन बाया काही माझ्याने वळत नाहीत."

रविवार आले. कधी तिला वर्गाचं काम असायचं, कधी बाबांचा डोळा लागलेला असायचा. नोव्हेंबरात रविवार संपले.

आणि परीक्षेसाठी कोरा कागद समोर घेतला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बाबांची चाल आपल्याला आठवतच नाही. आवाज आठवत होता, खोकला आठवत होता, मिशीला लागलेलं सूपसुद्धा आठवत होतं. पण चाल? जे रोज डोळ्यांपुढून जातं ते कोण बघतं? फोटो चार होते आणि चारही फोटोंत बाबा शिक्षा झाल्यासारखे ताठ उभे. ती हादरली. दोन दिवस तिने पेन्सिल धरली नाही.

आईला विचारावं तर आई बाबांचं नाव काढत नव्हती. त्यांचा कप तिने फळीवर मागे सारला होता. खपली कशाला काढा, म्हणून नेवेन्काही गप्प राहिली. जिथे आठवलं नाही तिथे तिने डोकं लढवलं. पहार उजव्या हातात, म्हणजे अंग डावीकडे कलणार, म्हणजे डावा खांदा पडलेला. दिवसभर उभं राहून गुडघे जड, पाऊल जेमतेम उचललेलं. हातात काठी धरून तिने ते आरशात चालून बघितलं आणि आरशातली चाल तिला पटली. इतकी पटली की डोळे भरून आले. हेच बाबा, अगदी हेच!

शनिवारी आईने ठेवणीतला ब्लाउज काढला. कंबरेच्या दुखण्यामुळे ती काठी घेऊन चालायची, तरी दुसऱ्या हातात अक्रोड भरलेला गोड रोल फडक्यात बांधून घेतला. मास्तरांच्या दारात रिकाम्या हाताने जाणं तिच्या रक्तात नव्हतं.

"काय बघायचंय तिथे?" तिने ट्राममध्ये विचारलं.

"एक माणूस. तू फक्त कोण ते सांगायचं."

खोली लहान होती, पडदे ओढलेले. आधी दामीर नावाच्या मुलाची पाळी होती. त्याच्या आजोबांनी पोत्याची दोन पावलं बघितली आणि मांडीवर थाप मारली, "हा तर आमचा दात उपटणारा! हरामखोर तसाच येतो, हात मागे लपवून!" सगळे खो खो हसले. आईसुद्धा हसली.

मग नेवेन्काची फिल्म लागली. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती आईचा चेहरा बघत होती.

पडद्यावर पोतं चालत आलं. खांदा पडलेला, पाय जड. आई काठीवर रेलून पुढे झुकली. तिचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. सगळा चेहरा लोण्यासारखा मऊ पडला.

"अगंबाई," आई म्हणाली, "ही तर आमची नेवा!"

तिने पडद्याकडे बोट केलं.

"खांदा बघा की तो डावा. दिवसभर कोट वाहते ना त्या हातावर. तिन्हीसांजेला फाटकातून आत येते ती अश्शी, पाय ओढत. मी रोज खिडकीतून बघते. स्वतःलाच काढलंस होय गं? किती दमलेली काढलीस!"

मास्तरांनी दिवा लावला आणि नेवेन्काकडे बघितलं. तिने मान किंचित हलवली. नका सांगू.

"बरोबर," मास्तर आईला म्हणाले. "अगदी बरोबर ओळखलंत, बाई." त्यांनी अक्रोडाचा रोल दोन्ही हातांनी घेतला.

दारापाशी त्यांनी नेवेन्काला बाजूला घेतलं. "आरसा?"

"हो."

"प्रत्येक जण एकदा त्याच खड्ड्यात पडतो. दुसऱ्याला शोधायला जातो आणि आरसा आपल्यालाच पुढे करतो." त्यांचा आवाज आज फटकळ नव्हता. "पण चाल जिवंत आहे, पोरी. आईने अंधारात ओळखली. सोमवारी ये, टेबल देतो."

माणसाला हवं ते मिळावं आणि त्याच घटकेला रडू यावं, असंही होतं. टेबल मिळालं होतं. बाबा मात्र दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी तिच्याच हातून.

घरी जाताना ट्राम मोठ्या चौकात आली. सांधा आता विजेवर बदलायचा, खट्ट करून आपोआप. आईने नेहमीप्रमाणे तोंड दुसरीकडे फिरवलं.

घरी आल्यावर आईने शेगडीवर कॉफीचं भांडं ठेवलं.

"कोण होतं ते?"

"तूच सांगितलंस ना, मी म्हणून."

"म्हातारी झालेय, आंधळी नाही. मी नाव घेतलं तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. कोणाला काढत होतीस?"

नेवेन्काला खोटं सुचेना. "बाबांना."

कॉफी उतू गेली. दोघींपैकी कोणीही उठलं नाही. जळका वास घरभर झाला.

"आणि विचारलंस कोणाला?" आईचा आवाज एकदम चढला. "आरशाला! त्या माणसाच्या शेजारी मी जन्म काढला. त्याचे पाय मी मिठाच्या पाण्यात धरले. आणि माझी लेक जाऊन आरशाला विचारते?"

"तू त्यांचं नावसुद्धा काढत नाहीस, आई. मला वाटलं, तुला सोसायचं नाही."

"मी नाव काढत नाही, कारण मला कोणी विचारत नाही!" आईने ब्लाउजची बाही डोळ्यांना लावली. ठेवणीतला आहे हेही ती विसरली. "त्याला मातीत ठेवून आलो आणि सगळे हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. शेजारी झाले, भाऊ झाला. तूसुद्धा. मला वाटलं, तुम्हाला नकोय तो. मग मी एकटीच काय भिंतीशी बोलू?"

दीड वर्षं त्या दोघी एकाच टेबलावर समोरासमोर सूप पीत होत्या, एकमेकींना जपत. असल्या जपण्याने माणसं मरतात.

आई उठली. तिने काठी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि शेगडीतली लाकडं सारायची लोखंडी सळई उजव्या हातात घेतली.

"आई, कंबर..."

"गप्प बस आणि बघ. खांदाबिंदा काही पडलेला नव्हता त्याचा. पहार जड म्हणून उलट ताठ चालायचा, लोकांना वजन कळू नये म्हणून. आखडूच होता मेला. असा."

ती दाराशी जाऊन उभी राहिली. पाठ सरळ करताना तिचा चेहरा दुखण्याने आवळला, पण पाठ सरळ झाली. हनुवटी वर गेली. एक पाऊल, दोन पावलं. मग फरशीच्या मधोमध, जिथे काहीही नव्हतं तिथे, तिने दुखरा पाय चांगला गुडघ्यापर्यंत वर उचलला आणि पलीकडे टाकला.

"रूळ," ती धापा टाकत म्हणाली. "घरातसुद्धा ओलांडायचा. मी ओरडायचे, इम्ब्रो, माझ्या स्वयंपाकघरात कुठले आले रूळ? तर म्हणायचा, मला माहीत आहे गं रोझा, पण पायांना कोण सांगणार?"

आता तिला दिसत होतं. लहानपणी ती याच फरशीवर खेळत बसायची आणि ते मोठे बूट डोक्यावरून गेल्यासारखे उंच उचलले जायचे. सगळं होतं तिच्याजवळ. फक्त कोणीतरी समोर चालून दाखवायला हवं होतं.

तिचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने तो मांडीवर ठेवला.

आईने खांद्यावरून मागे बघितलं, गाडी येत नाही ना म्हणून. मग दुसरा रूळ ओलांडला. ती खिडकीपर्यंत गेली आणि चौकटीला धरून, पाठमोरी, उभी राहिली.

"आई, बस झालं. बस आता, पाय दुखतील."

"थांब जरा," आई मागे न वळता म्हणाली. "अजून परत यायचाय तो."