अर्थ लिहायचा राहिलेला शब्द

चर्चमध्ये बायकांच्या बाजूला, खांबालगतच्या तिसऱ्या बाकावर अनसूयाबाई आणि केराबाई एकतीस वर्षं एकमेकींना खेटून बसल्या. अनसूयाबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, केराबाई मोहोळकडची, चौथी पास. पण दोघींची मिळून एक वही होती, आणि तिच्यात कुणी मोठं नव्हतं, कुणी धाकटं नव्हतं.

वहीचा नियम साधा. या रविवारी एकीनं रोजच्या बोलण्यातला एक शब्द लिहून द्यायचा. पुढच्या रविवारी दुसरीनं त्याचा 'आपल्यातला' अर्थ लिहून आणायचा आणि खाली नवा शब्द द्यायचा. 'चहा'पुढे केराबाईनं लिहिलं होतं, 'प्रार्थनासभेचं दुसरं आमेन.' 'काळजी'पुढे अनसूयाबाईंनी, 'देवाच्या पायाशी ठेवून, घरी निघताना आठवणीनं परत पिशवीत घालायची वस्तू.' आणि 'शेजारी' म्हणजे, केराबाईच्या मते, 'नळाला मोटर लावून आपलं पाणी ओढतो, तरी ज्याच्यावर प्रीती करायचीच, तो.' त्या दिवशी भर उपदेशात दोघी तोंडात पदर कोंबून हसल्या. पाळकसाहेब दोनदा थांबले.

केराबाईनं दिलेला शेवटचा शब्द होता 'जागा'. वही हातात ठेवत ती म्हणाली होती, "सोपा हाय बाई. पर शाळेतल्यावानी लिवू नगा, माणसावानी लिवा."

गुरुवारी ती गेली.

त्याला दोन वर्षं झाली. अनसूयाबाईंना अर्थ सुचला नाही असं नव्हे. सुचलेले चार खोडूनही झाले. पण अर्थ लिहिला की खाली नवा शब्द द्यायला हवा, आणि तो घ्यायला कोण होतं? म्हणून वही दर रविवारी खांबालगतच्या रिकाम्या जागी ठेवली जाई. कुणी विचारलं, "इथं कोणी आहे का?" तर अनसूयाबाई म्हणत, "आहे." देवाच्या घरात बसून धडधडीत खोटं! पण मंडळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी वाद घालत नसे.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्च गच्च भरलं. भुवनेश्वरी नेहमीसारखी उशिरा आली. ती मंडळीत नवीन, चिंचोळीच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट येणारी. भिंतीशी उभी राहून ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होती. शेवटी हळूच पुढे आली.

"आजी, हितं कोण हाय का?"

"आहे," अनसूयाबाई सवयीनं बोलून गेल्या.

पोरीनं वहीकडे पाहिलं, "बरं," म्हणाली आणि मागे वळली. टोमणा नाही, काही नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. केराबाईनं सोडलंच नसतं! 'व्हय व्हय, बसू द्या वहीला. रातभर मशीनवर उभी ऱ्हाऊन दमली आसंल बिचारी.'

अनसूयाबाईंनी वही उचलून मांडीवर घेतली. मग दोन वर्षांत प्रथमच त्या खांबाकडे, केराबाईच्या जागी सरकल्या. पाठीला खांब गार लागला.

"ए मुली, ये. बस इथं."

बाक होतं तेवढंच होतं. तरी भुवनेश्वरी त्यात मावली, आणि बसल्याबसल्या तिनं चपलेतून पाय काढून असा सुस्कारा सोडला की पुढच्या बाकावरच्या दोघींनी वळून पाहिलं.

उपदेश चालू असतानाच अनसूयाबाईंनी पेन काढलं. 'जागा. आपण सरकल्याशिवाय देव दाखवत नाही ती.' शाळेतल्यासारखं झालं की काय, म्हणून पुन्हा वाचलं. नव्हतं झालं. आता खालची ओळ. पेन बराच वेळ तिथंच टेकलेलं राहिलं. मग त्यांनी लिहिलं, 'उशीर', आणि आशीर्वादानंतर वहीचा नियम सांगून ती पोरीच्या हातात दिली.

"मला मराठी लिहाया येत न्हाय, आजी. तेलुगू शाळेत शिकले मी."

"तेलुगूत लिही. पण माणसासारखं लिही."

पुढच्या रविवारी, ईस्टरला, अनसूयाबाई खांबालगत बसल्या आणि शेजारी हात ठेवून वाट पाहत राहिल्या. पहिलं गीत संपलं, दुसरं संपलं. उपदेश सुरू झाल्यावर भुवनेश्वरी घामेजलेली आली आणि न विचारता बसली. वहीत चकल्यांसारख्या गोल अक्षरांत दोन ओळी होत्या. त्यांच्याखाली एक शब्द, एकटाच. नवा.

"काय लिहिलंस गं?" अनसूयाबाई कुजबुजल्या.

"उपदेश संपू द्या की, आजी."

त्या दिवशी पाळकसाहेबांचा उपदेश फारच लांबला.