निपाणीच्या वखारीतला उजवा मोजा

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि समजा, की तुमच्या तोंडासमोर एक मूठ उभी आहे. नारळाएवढी मोठी, जाड चामड्याची, आणि तिच्यामागे एका धिप्पाड माणसाचा दंड. आता ती मूठ तुमच्याकडे येणार आहे. भीती वाटली ना? मग आणखी एक समजा. त्या मुठीलाही भीती वाटते आहे.

ती मूठ म्हणजे मी. मी ठोसेबाजीचा जुना उजवा हातमोजा आहे. साहेब लोक या खेळाला बॉक्सिंग म्हणतात.

माझा जन्म कानपुरातला. तिथल्या एका कारागिराने मला म्हशीच्या कातड्यातून शिवले आणि पोटात घोड्याचे केस भरले. ते केस दाबले की दबतात, सोडले की पुन्हा फुगतात. त्यामुळे मारणाऱ्याची बोटे वाचतात आणि मार खाणाऱ्याचे तोंडही वाचते. माझे सगळे मोल त्या केसांत होते.

तिथून मी बेळगावच्या छावणीत आलो आणि हवालदार मारुतीरावांच्या हातात पडलो. बेळगावच्याच खासबागेत राहणारा हा गडी अकरा वर्षे कुणाला हरला नाही. झुंज संपली की ते मला कोरड्या फडक्याने पुसत, खोबरेल तेलाचे बोट फिरवत आणि सावलीत वाळत ठेवत. "आधी ह्येचा घाम पुसायचा, मग आपला," असे नव्या शिपायांना सांगत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे ते पेन्शनीत निघाले. माझी शिवण उसवली, म्हणून मला मोडीत काढले. खडेबाजारातल्या एका जुन्या मालाच्या दुकानातून निपाणीचे तंबाखूचे व्यापारी आप्पाण्णा यांनी मला विकत घेतले. त्यांना झुंजी लावायची भारी हौस. पण हौस झुंजींची होती, मोज्यांची नव्हती. त्यांच्या वखारीत मी चार वर्षे खुंटीला लटकून राहिलो. उंदरांनी उसवलेल्या शिवणीतून माझे केस एकेक करून ओढून नेले. माझे पोट रिकामे झाले, आणि कुणी पाहिलेही नाही.

अशात आप्पाण्णांनी नवी झुंज ठरवली. एका बाजूला पंचेचाळीस वर्षांचे मारुतीराव. दुसऱ्या बाजूला जांबोटीच्या रानातून आलेला मष्णू. तो त्याच वखारीत तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात शिवलेले मोठे गठ्ठे, उचलायचा. दोन हमालांना जड जाणारा बोद तो एकटा पाठीवर घ्यायचा. मिरजेचा एक पैलवान त्याच्या एका ठोशाने पडला, तो दिवेलागणीपर्यंत उठला नव्हता. मारुतीराव नको म्हणू शकले असते. पण खासबागेतली पोरे अलीकडे कुजबुजत, की हवालदाराच्या गोष्टी नुसत्या गोष्टीच आहेत. म्हणून ते आले.

झुंजीच्या सकाळी वखारीचा राखणदार रवळू याने मला खुंटीवरून काढले. मी चपटा झालेलो पाहून तो विचारात पडला. निपाणीत हाताशी काय असणार? त्याने तंबाखूच्या काड्या आणि चुरा माझ्यात ठासून भरला आणि वर चार टाके घातले. "आप्पाण्णा, लई झ्याक फुगलाय बगा," असे त्याने मालकांना दाखवलेही. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण तो चुरा पोटात गेला आणि मी हादरलो. त्या तंबाखूने नवखा माणूस शिंकून बेजार होतो. तो डोळ्यात गेला तर?

मारुतीराव झाडाखाली बसले होते. शेजारी त्यांची दहा वर्षांची मुलगी मनू होती.

"आबा, डाव्या डोळ्याचं आप्पाण्णास्नी सांगितलासा?" तिने हळूच विचारले.

"गप. त्या डोळ्यानं दिसत न्हाय, ही गोष्ट घरातच ऱ्हाऊ दे."

"सकाळी चहा बशीत वतायचा सोडून मांडीवर वतलासा."

"मांडी माझी, चहा माझा. तुझं काय सांडलं?"

मनू हसली नाही. तेवढ्यात रवळूने हाक मारली, "ए पोरी, त्यो मोजा आण की हिकडं. मष्णूच्या हातात घालायचाय." मनूने मला उचलले. टाक्यांमधून तपकिरी भुगा तिच्या बोटांना लागला. ती शिंकली, नकळत तिने डोळा चोळला, आणि कळवळून खालीच बसली. डोळा लालभडक झाला. ती तशीच बापाकडे धावली.

"आबा, ह्यात तंबाखू भरलाय. शिवण सुटली तर तुमचा चांगला डोळा जाईल."

मारुतीरावांनी मला हातात घेतले. त्यांच्या बोटांनी मला लगेच ओळखले. अंगठा माझ्यावरून फिरला आणि शिवणीपाशी थांबला. त्यांनी वास घेतला. मला वाटले, आता सुटलो.

"आता मोज्यात खोट काढली, तर समदी म्हणतील, म्हातारा भ्याला," ते म्हणाले. "मनू, एक शब्द बोललीस तर तुला माझ्या गळ्याची शपथ हाय."

आणि त्यांनी मला परत तिच्या हातात दिले.

वखारीच्या अंगणात दोर बांधून चौकोन केला होता. भोवती ही गर्दी. मष्णूच्या हातात चढल्यावर त्याच्या दंडातली ताकद मला कळली आणि मी अजूनच घाबरलो.

"मष्णू, समोरचा बोद उचल आनि ठेव गाडीत," कुणी ओरडले.

"हवालदार, पेन्शन घ्यायला जित्तं ऱ्हावा," दुसरा म्हणाला. लोक हसले.

रवळूने घंटा वाजवली. मष्णूने पहिला ठोसा टाकला, तो मारुतीरावांनी कोपरावर घेतला. माझा एक टाका तुटला. मारुतीराव मान डावीकडे वळवून फिरत होते, उजवा डोळा मष्णूवर ठेवून. त्यांचे दोन ठोसे मष्णूच्या बरगडीत बसले. दुसऱ्या फेरीत मी त्यांच्या खांद्यावर आदळलो. दुसरा टाका तुटला आणि भुग्याचा एक फवारा उडाला. मारुतीरावांनी डोळा घट्ट मिटला, चाचपडत एक पाऊल मागे घेतले. तेवढ्यात घंटा झाली, म्हणून निभावले. दोनच टाके उरले होते. ज्या माणसाने मला अकरा वर्षे तेल लावले, त्यालाच मी आंधळा करणार होतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना ओरडता येत नाही. म्हणून वापरायच्या वस्तू अधूनमधून उघडून बघत जा. वरून पुसणे सोपे असते, पण आत काय उरले आहे आणि रिकाम्या जागी काय भरले आहे, ते बघा. निष्काळजीपणा एकाचा असतो आणि डोळा दुसऱ्याचाच जातो.

आता मनूने काय केले, ते ऐका.

ती उठली. बोद शिवायला ठेवलेला दाभण आणि सुतळी तिने घेतली, बापाच्या कपड्यांतले धुतलेले धोतर काखेत मारले आणि दोराखालून वाकून सरळ मष्णूसमोर जाऊन उभी राहिली.

"काय गं बाय?" मष्णू म्हणाला. "बापाला सोड म्हनायला आलीस?"

मनू एक शब्द बोलली नाही. तिने त्याचा उजवा हात ओढला, दातांनी गाठ सोडली, उरलेले टाके तोडले आणि मला उलटा धरून झटकला. सगळ्यांदेखत तंबाखूचा ढीग जमिनीवर पडला. मष्णूने ढिगाकडे पाहिले, मग तिच्या लाल डोळ्याकडे.

"मला ठावं न्हवतं, हवालदार," तो म्हणाला.

मनूने धोतराच्या घड्या घालून माझ्या पोटात भरल्या, दाभणाने शिवण पक्की केली आणि मला पुन्हा मष्णूच्या हातात चढवले. दोरी तिने ओढून बांधली. मग तिने रवळूकडे पाहिले आणि घंटा वाजव, अशी मानेने खूण केली.