निर्दोष पाठ

हैदराबादच्या इंग्रजी अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठी शाळेतून एकच शिक्षक पाठवायचा होता, आणि तो कोण, हे तपासणीच्या शेऱ्यावर ठरणार होते. अमरावतीच्या त्या हायस्कुलात आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या कुंदाबाईंच्या मनात दुसरे काही नव्हतेच. त्यांच्या वर्गातल्या मुली शब्दार्थ घडाघडा म्हणत. पण सकाळी काय खाल्ले, एवढे इंग्रजीतून विचारले की खाली पाहत. हैदराबादला मुलांना बोलते कसे करावे ते शिकवतात, असे बाईंच्या कानावर आले होते.

बासष्ट सालच्या तपासणीला अकोल्याहून निरीक्षक आले. शाळेच्या रिवाजाप्रमाणे कुंदाबाईंनी त्या दिवशी घ्यायचा धडा आधीच तीनदा शिकवून ठेवला होता. उत्तर येत असेल तिने उजवा हात वर करायचा, नसेल तिने डावा. साहेबांना सगळेच हात वर दिसले. बाईंनी फक्त उजवे हात निवडले.

शेजारच्या वर्गाला इंग्रजी शिकवणाऱ्या उत्तमरावांची काहीच तयारी नव्हती. शेंदूरजनाघाटला त्यांच्या बागेत संत्र्यांची तोड चालली होती. ते तिथूनच थेट शाळेत आले होते. त्यांचा वर्ग मुका बसला.

शेरे आले. कुंदाबाईंचा पाठ निर्दोष, प्रशिक्षणाची गरज नाही. उत्तमरावांना मात्र ती तातडीची.

कुंदाबाईंनी मुख्याध्यापक कमलाकांतरावांना हातांची गोष्ट सांगून टाकली. ती त्यांना ठाऊक होतीच. नव्या शिक्षकांना ही युक्ती तेच शिकवीत. चष्मा पुसत ते म्हणाले, "हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. शाळेचं अनुदान त्या शेऱ्यावर आहे, बाई."

उत्तमरावही मुख्याध्यापकांकडे जाऊन आले. "मले काहून धाडून राह्यले? बाईले पाठवा." पण हुकूम निघाला होता.

बडनेऱ्याच्या फलाटावर पोचवायला आलेल्या शिक्षकांनी उत्तमरावांची थट्टा केली, की नापास होऊन सरकारी खर्चाने हैदराबाद पाहणारा हा पहिलाच. कुंदाबाईंनी एक कोरी वही पुढे केली.

"लिवून आणतो," उत्तमराव म्हणाले, "पण लिवलेलं तं तुमी इथंबी वाचता. नेमकं काय पाहू, ते सांगा."

गाडी हलायच्या बेतात होती.

"एखादी मुलगी चुकीचं वाक्य बोलली, की तिथले शिक्षक काय करतात, तेवढं पाहा. मी लगेच बरोबर वाक्य सांगून टाकते. मग ती पुन्हा बोलतच नाही."