चेक या शब्दावर पाच मिनिटं

पहिला नंबर आला तर लक्ष्मणरावांना मिळणार होती एक खुर्ची. ट्रॉफीही होती, पण ट्रॉफीवर बसता येत नाही. निघोज्याच्या त्या कारखान्यात ते बावीस वर्षं उभ्याने चेकिंग करत होते आणि गुडघे त्यांच्याआधीच रिटायर झाले होते. क्वालिटी महिन्याच्या भाषणस्पर्धेत जो जिंकेल, तो आतल्या एसी खोलीत बसून नव्या भरतीला ट्रेनिंग देईल, असं मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं. विषय होता कामातला एक शब्द. बोलायची मुभा फक्त पर्मनंट लोकांना.

"चेक घ्या काका," शेजारच्या टेबलावरचा हनीफ जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. तो ठेकेदाराच्या कार्डावर होता, म्हणजे त्याचा प्रश्नच नव्हता.

"त्येच्यात काय हाय बोलायसारखं? दिवसभर त्येच करतुय."

"मूळ फारसी शब्द आहे. शाह, म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर चाल आली की म्हणायचे, शाह. अरबांकडून फ्रान्सला गेला, तिथून इंग्रजांकडे. तोवर त्याचा चेक झाला. राजा अडला, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवून बघणं म्हणजे तपासणं. बँकेचा चेकसुद्धा त्यातलाच, खोटा कागद पकडता यावा म्हणून."

"आन् आपला शह?"

"तोच की. आपल्याकडे फारसीतनं सरळ आला. इंग्रजांच्या घरून आणायची गरज पडली नाही."

लक्ष्मणरावांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "लेका, कुठनं शिकलास?"

"आजोबांना फारसी यायची. इंग्रजी मोबाइलवर."

हनीफने सगळं दोन पानांवर लिहून दिलं. मोबदला सांगताना मात्र तो डब्याकडे बघत राहिला. "स्टेजवर एकदा माझं नाव घ्या. तीस तारखेला कार्ड संपतंय. मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं, तर पुढे चालू राहील."

"घेतो की. नाव घ्यायला काय कष्ट पडत्यात व्हय?"

लक्ष्मणराव झकास बोलले. इराण, अरबस्तान, फ्रान्स ही नावं त्यांनी मोशी-आळंदी-चाकणसारखी ओळीने घेतली. साहेब खुशीत येऊन म्हणाले, "आणि चेक्सचा शर्ट, लक्ष्मणराव? तो कुठून आला?"

दुसऱ्या पानाची शेवटची ओळ डोक्यातून पार पुसली गेली होती. लक्ष्मणरावांनी समोरच्या लोकांच्या पार मागे पाहिलं. ठेकेदाराची माणसं तिथे भिंतीला टेकून उभी होती. हनीफने खिशातला चौकटीचा रुमाल काढला, तळहातावर पसरला आणि एका घरावरून दुसऱ्या घरावर बोट सरकवलं.

"पटावरची घरं, सायेब," लक्ष्मणराव म्हणाले. "त्येच्यावरनं चौकटीचा कपडा."

टाळ्या पडल्या. हनीफच्याही.

"एवढं सगळं मिळवलंत कुठून?"

नाव जिभेवर आलं होतं. ते घेतल्याने खुर्ची गेली नसती. फार तर निम्मं कौतुक मागच्या भिंतीपाशी गेलं असतं. तेवढंही लक्ष्मणरावांना सोडवेना.

"वाचनातनं, सायेब. पयल्यापासनं आवड हाय."

घरी ते कॅलेंडरच्या मागची पानं वाचत, तीही दाढी करताना.

"गडबडीत राहिलं बघ," दुसऱ्या दिवशी ते हनीफला म्हणाले. "आज केबिनला जाऊन सांगतो."

"चालेल, काका."

ते गेलेही. दारात दिसताच साहेब म्हणाले, "या, या, आमचे विद्वान." लक्ष्मणराव ट्रेनिंगच्या वेळापत्रकावर दहा मिनिटं बोलून बाहेर आले. पुन्हा गेले नाहीत. हनीफचं टेबल ज्या बाजूला होतं, तिकडून कँटीनला जाणंही त्यांनी सोडलं.

तीस तारखेला दुपारी हनीफ लक्ष्मणरावांच्या एसी खोलीत आला. हातात कार्ड बंद करण्याचा फॉर्म होता.

"स्टोअरची झाली, कँटीनची झाली. चेकिंगच्या सीनियरची सही राहिलीय."

लक्ष्मणराव उठायला लागले.

"बसा ना, काका."

त्यांनी फॉर्म टेबलावर सरळ केला. हातमोजे, जमा. बूट, जमा. मापाचं गेज, पुसून, जमा. खाली छापलं होतं : सदर कामगाराकडून खात्याचे काहीही येणे नाही.

लक्ष्मणरावांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी तो पुन्हा सुलट केला आणि सही केली.