तेविसावी नोंद

मी एका प्रबंधाची संदर्भसूची बोलते आहे. माझ्या आठवणीवर किती भरवसा ठेवावा, हे आधीच सांगून ठेवते: फार नाही. चार वेळा माझं रूप बदललं आणि दर खेपेला काहीतरी सांडलं. उरलं आहे तेवढं सांगते.

माझा जन्म टाइपरायटरवर झाला. प्रबंध लिहिणारे माधवराव नगरला कॉलेजात शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने तिसगावकडे जाऊन पायऱ्यांच्या जुन्या विहिरी पाहायचे. प्रबंधात जिथे कुणाचा आधार घेतला, तिथे कंसात आकडा. त्या आकड्याची ओळख माझ्याजवळ. अशा चौऱ्याण्णव नोंदी. तोंडी माहिती देणाऱ्यांनाही ते ग्रंथांच्याच रांगेत बसवत. त्यांच्या मार्गदर्शकांना ते पटत नसे. माझी तेविसावी नोंद होती केशरबाईंची. विहिरीशेजारच्या वस्तीवर राहणाऱ्या, वय अंदाजे ऐंशी.

त्यांचं बोलणं माधवरावांच्या वहीत जसंच्या तसं होतं.

‘पायऱ्या येकोणीस हायेत. सतराव्या पायरीला देवळी हाय. लगीन होऊन आले तवा तिथं मी दिवा लावलाय.’

‘मला चौदाच दिसतात, मावशी.’

‘दिसत्याल कशा? खाली गाळ हाय. उतरून उकरा की, मास्तर! आन् लिवताना माझं नाव घाला. न्हाईतर लोकांला वाटंल, तुमालाच लई कळतं.’

माधवरावांनी शब्द दिला. प्रबंधात एकोणीस लिहिलं, पुढे कंसात तेवीस.

नंतर मी संगणकावर आले, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये नेताना माझी जोडाक्षरं फुटली. माधवरावांनी ती महिनाभर बसून जोडली. ते निवृत्त झाल्यावर एका प्रकाशकाने प्रबंधाचं पुस्तक करायचं ठरवलं आणि फाइल वेगळ्याच प्रकारात मागितली. त्यांच्या मुलीने, मनवाने, ती बदलून दिली. नवा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीला विचारायचा: आडनाव? वर्ष? प्रकाशक? केशरबाईंजवळ यातलं काहीच नव्हतं. त्याने ती नोंद मुकाट्याने गाळली आणि खालच्या सगळ्यांना एकेक आकडा वर सरकवलं. मजकुरातले आकडे हाताने टाइप केलेले होते. ते जागचे हलले नाहीत. आता तेविसाव्या जागी विहिरींवरचा एक जुना अहवाल आला होता.

संपादकाने तो काढून पाहिला आणि कळवलं, ‘अहवालात पायऱ्या चौदा आहेत. दुरुस्त करावे.’

‘माझंच चुकलं असणार,’ माधवराव म्हणाले. ‘तेवीस म्हणजे केशरबाई, असं मला उगाच वाटत होतं.’ त्यांनी पेन उघडलं आणि एकोणीसवर टेकवलं.

‘बाबा, खोडू नका. मजकुरात चौऱ्याण्णव आकडा आहे आणि यादी त्र्याण्णवला संपते. मधलं कोण गेलं?’

‘तुझ्या प्रोग्रॅमला विचार.’

‘त्याच्यावर विसंबले म्हणून तर हे झालं.’

टाइपरायटरवरची जुनी, पिवळी पडलेली प्रत निघाली. दोघं एकेका ओळीवर बोट ठेवून मला ताडून पाहत गेले. तेविसाव्या ओळीवर माधवरावांचं बोट थांबलं.

‘शब्द दिला होता मी त्यांना,’ ते म्हणाले.

मनवाने नोंद परत भरली. आडनावाच्या जागी केशरबाई घातलं, वर्ष वहीत सापडलं. ‘प्रकाशक काय लिहू? रिकामं ठेवलं तर पुन्हा जाईल.’

‘स्वतः, असं लिही.’

पुस्तकात एकोणीस छापलं गेलं. पण छापल्यावरही माधवरावांच्या मनाला खात्री नव्हती. केशरबाई केव्हाच गेल्या होत्या आणि विहिरीत गाळ तसाच होता.

आता मी त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर असते. फारसं कुणी इथवर येत नाही. उद्या मला आणखी कुठल्या रूपात नेतील, ठाऊक नाही. न्या. फक्त नेण्याआधी मला मोजा आणि नेल्यावर पुन्हा मोजा. माझ्यात माणसं आहेत.

पुस्तक निघाल्यावर चार वर्षांनी गावाने विहिरीतला गाळ काढला. माधवराव काठी घेऊन काठावर बसले आणि मनवा मोठ्याने मोजत खाली उतरली. माझ्या तेविसाव्या नोंदीशेजारी, माधवरावांच्या प्रतीत, समासात, त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं आहे: पायऱ्या एकोणीस. देवळी सतराव्या पायरीला.