चरबीतली घट

पंच्याण्णव साली मायच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ती वाईट होती म्हणून गाठीबरोबर सगळी छातीच काढावी लागली. जीव वाचला. मायने देवीपुढे नारळ फोडला, डॉक्टरला पेढे दिले आणि ब्लाउजमध्ये चिंध्यांची गादी घातली.

गादी आबांनी शिवली होती. माझे आबा, म्हणजे सुकलाल, सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात कापड मोजतात. गादी जॉर्जेटच्या तुकड्यांची होती. जॉर्जेट घसरतं हे पंधरा वर्षं जॉर्जेटच मोजणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं, पण प्रेमात माणूस कापड बघत नाही.

त्याच वर्षी श्रावणात कानबाई आली. आम्हा खानदेशी लोकांची ही देवी रविवारी घरात बसते आणि सोमवारी बाया तिला डोक्यावर घेऊन नाचत नदीवर पोचवतात. नवागामच्या आमच्या गल्लीची कानबाई नऊ वर्षं मायच्या डोक्यावरून गेली होती. डोक्यावर देवी म्हणजे दोन्ही हात वर. हात वर गेले, तशी गादीही वर गेली. चौकात ती गळ्याशी होती आणि नाच संपला तेव्हा पाठीवर. मायने देवी दुसरीच्या डोक्यावर दिली आणि घरी आली. पुढच्या वर्षी तिला बरोबर त्याच सोमवारी ताप आला.

"मला कानबाई उचलायची आहे," सत्त्याण्णवच्या होळीला ती म्हणाली. "लोकांनी बघितलं तर देवीकडे बघावं, माझ्याकडे नको."

आबांनी चौकशी केली. मुंबईचा एक डॉक्टर महिन्यातून एकदा सुरतेत यायचा आणि अंगातली चरबी काढून छातीत भरायचा. आबा एकटेच जाऊन आले.

"पोटातली चरबी सुईने ओढायची आणि इथे भरायची," आबा म्हणाले. "इथे" म्हणताना त्यांनी दाराच्या कडीकडे बोट दाखवलं. पोरीसमोर याहून जवळ बोट न्यायची त्यांची तयारी नव्हती. "पण निम्मी विरघळते. पन्नास टक्के घट."

"मग कसं हो?" मायने विचारलं.

"मग काय. कोरं कापड रंगायला गेलं की शंभर मीटरचं ब्याण्णव होऊन येतं. आपण आधीच जास्त पाठवतो. इथे दुप्पट पाठवायचं."

"आणखी काय म्हणाला डॉक्टर?"

"बरंच काही बोलत होता. मी हिशेब करत होतो."

अडचण एकच होती. मायच्या पोटावर चरबी नव्हती. म्हणून माल तयार करायचं ठरलं. सकाळी सायीसकट दूध, दुपारी शेंगदाण्याचे लाडू, संध्याकाळी तेलात न्हालेला हरभराडाळीचा लोचो, उन्हाळाभर आमरस. एकटीला खायला बरं वाटणार नाही म्हणून आबा सोबतीला बसायचे. महिन्याच्या महिन्याला आम्ही दोघांना चिंधीवाल्याच्या काट्यावर चढवायचो. आषाढापर्यंत माय दीड किलो वाढली आणि आबा नऊ.

हे कळल्यावर बमरोलीहून धुरपदाफुई आली. फुई म्हणजे आबांची मोठी बहीण. खाटेवर बसते तेव्हा खाट बोलते.

"मनी ल्या ना," ती पोटावर थाप मारून म्हणाली. "आठे काय कमी शे?"

मायचे डोळे भरून आले. आबा मात्र विचारात पडले. कानबाईच्या नैवेद्याचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा असतो, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही तो चालत नाही.

"आक्का, तू दुसऱ्या कुळात गेलीस," ते म्हणाले. "तुला आमचा रोट चालत नाही, मग आम्हाला तुझी चरबी कशी चालेल?"

फुईला हे पटलं, पण राग आला. तरीही मायला दवाखान्यात नेलं तेव्हा ती आलीच, आणि आल्या आल्या तिने डॉक्टरला विचारलं. डॉक्टर गुजरातीत म्हणाला की दुसऱ्याची चरबी शरीर घेत नाही, ज्याची त्यालाच लागते. आबांनी फुईकडे बघून अशी मान हलवली, जणू डॉक्टर आमच्याच भाऊबंदांतला.

मग डॉक्टर मायकडे वळला. "बेन, यजमानांना मी सगळं सांगितलं होतं."

मायने आबांकडे बघितलं. आबांनी पंख्याकडे बघितलं.

"मला सांगा," माय म्हणाली.

"निम्मी विरघळते, कधी त्याहून जास्त. मग परत भरावी लागते. राहिलेल्यातली काही चरबी आत मरते आणि तिची टणक गाठ होते. ती वाईट नसते."

"हाताला कशी लागते?"

"गाठीसारखी."

"आणि ती वाईट?"

"तीही गाठीसारखीच."

"मग ओळखायचं कसं?"

"फोटो काढायचा. फोटोतही कधी कळत नाही. मग सुईने तुकडा काढून तपासायचा. तुम्हाला आधी आजार झालाय, म्हणजे प्रत्येक गाठ तपासावी लागेल. पुष्कळ डॉक्टर म्हणतात हे करूच नये. मी करतो, पण सांगून करतो."

"मागच्या वेळी तपासणीचा कागद यायला बारा दिवस लागले," माय म्हणाली. "बारा दिवस हे जेवले नाहीत. ताटावर बसायचे आणि भाकरीचे तुकडे मोजायचे. तसे दिवस मी परत घरात आणणार नाही."

"मी जेवीन," आबा म्हणाले.

"खोटं बोलू नका."

डॉक्टरने मायच्या नावाचा कागद मिटला. तो मायला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला, जे तो बहुधा कोणासाठी करत नसावा.

खाली रस्त्यावर आबांनी हळूच विचारलं, "मग कानबाईचं कसं?"

"ती काय छातीवर बसते?" माय म्हणाली. "डोक्यावर बसते."

म्हणाली खरी, पण कानबाईच्या सोमवारी सकाळी ती आतल्या खोलीतून लवकर बाहेर येईना. आबा दारापाशी चार वेळा खाकरले. शेवटी आली ती नवी हिरवी साडी नेसून, गादी न घालता. डावीकडे ब्लाउज सपाट होता आणि ते सरळ दिसत होतं. अंगणातल्या बाया गप्प झाल्या. फुईही गप्प झाली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

फुई पुढे झाली, मायचा पदर कमरेला घट्ट खोचला आणि कानबाई उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. मायने दोन्ही हात वर केले. काहीच घसरलं नाही, घसरायला काही नव्हतंच. ढोलवाल्याने सुरुवात केली. कोणी बघितलं असेलही. पण मायच नाचत होती म्हटल्यावर इतरांना उभं राहून बघायला फुरसत नव्हती.

रीतीप्रमाणे चौकाचौकात देवी दुसरीच्या डोक्यावर जाते. पहिल्या चौकात फुईने हात पुढे केले. माय बाजूने निघून गेली. दुसऱ्या चौकातही तेच. फुई घामाने थबथबली होती, आबा पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावत होते आणि मायच्या चालीत फरक नव्हता.

"कमल, आते तरी दे," फुई म्हणाली.

"नदी आल्यावर."

"नदी उनी ना."

मायने समोर बघितलं. खरोखरच तापी आली होती.

"पुढच्या घाटावर देते," ती म्हणाली आणि वळली.